नववी संपली, मुलगा मोटार वाइंडिंगच्या दुकानात जायचं म्हणतोय. पाठवू का?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. आमचं गाव शिरोळ तालुक्यात. थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि मी गावातल्या पतसंस्थेत काम करते. थोरल्याची नववी आत्ताच संपली, जूनपासून दहावी. पंधरा पूर्ण झालीत.

त्याला पहिल्यापासून यंत्रांचा नाद. विहिरीवरची आमची पाच एचपीची पाणबुडी मोटार जळाली तेव्हा हे तिला रिवाइंडिंगला, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी भरायला, घेऊन गेले, हाही मागे लागून गेला. मोटार तयार होईपर्यंत शाळा सुटली की रोज त्या दुकानात जाऊन बसायचा. दुकानदार यांच्या ओळखीचे. परवा बाजारात भेटले तर म्हणाले, "वहिनी, सुट्टीत पाठवा त्याला माझ्याकडं. हात चांगला आहे पोराचा." तेव्हापासून घरात हाच विषय.

हे म्हणतात, एकदा हातात पैसे खुळखुळले की दहावी बोंबलली. सासरे म्हणतात, हाताला काम लागलं तर बिघडलं काय, आम्ही काय शाळेत जाऊन नांगर धरायला शिकलो का. नणंद शिक्षिका आहे, ती म्हणते ही सरळसरळ बालमजुरी, उद्या कुणी तक्रार केली तर दुकानदारही अडकेल आणि तुम्हीही. मला तिघांचंही थोडंथोडं पटतं, म्हणून इथं लिहितेय.

पंधराव्या वर्षी असं पाठवणं कायद्यात बसतं का? पैसे घ्यावेत का नकोत? आणि माझी खरी काळजी ही की नुसता चहा आणायला आणि झाडलोट करायला ठेवून घेतील. तिथं खरंच शिकवतात का, हे आधी कसं ओळखायचं? त्याच्या शाळेत व्यवसाय शिक्षणाचा विषय नाही, नाहीतर तिथंच घातला असता. दहावीनंतर आयटीआय का सायन्स, हा प्रश्नही डोक्यात आहेच.

उद्यमनगरवाला

ताई, माझं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्राचं, छोटं वर्कशॉप आहे. मालकाच्या बाजूनं सांगतो. सुट्टीत पोरगं ठेवून घेतलं तर पहिले दोन आठवडे त्याचा उपयोग शून्य असतो. उलट माझा एक कारागीर त्याच्यात गुंततो. म्हणून जो मालक "लगेच पाठवा, उद्यापासून कामाला लावतो" म्हणेल, त्याच्याकडं हलकी कामं करून घ्यायची असतात हे धरून चाला. जो म्हणेल "आधी चार दिवस बसून बघू दे," त्याच्याकडं पाठवा.

आणि लेथवर अठराच्या आतलं पोर मी उभं करत नाही. लेथच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये, बाही अडकली तर हात जातो. बाकी मापं घेणं, कानस मारणं, ड्रॉइंग वाचणं, एवढं भरपूर आहे त्या वयात.

दोन लेकींचा बाबा

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या पुतण्याला असंच सुट्टीत गॅरेजला पाठवलं होतं. सुट्टी संपली तरी जाणं सुटलं नाही. आधी शाळा सुटल्यावर, मग शाळा बुडवून. दहावीला गणित आणि विज्ञान राहिलं ते अजून राहिलंय. गॅरेजवाला वाईट नव्हता, पण त्याला पोराची सवय झाली होती आणि पोराला पैशाची. तुमच्या मिस्टरांची भीती खोटी नाही.

निवृत्त शिल्प निदेशक

मी शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो, आता निवृत्त आहे. दहावी झालेली मुलं हाताखालून गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायदा, कारण तुमच्या नणंदबाईंची शंका रास्त आहे. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायलाच बंदी आहे. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत आणि बालकलाकाराचं काम एवढेच काय ते अपवाद, आणि तेही धोक्याच्या कामाला नाहीत. चौदा ते अठरा या वयाला कायदा 'किशोर' म्हणतो. त्यांना खाणी, ज्वलनशील आणि स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया इथं कामाला लावता येत नाही. बाकी ठिकाणी चालतं, पण अटी आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान तासभर विश्रांती. येण्यापासून जाण्यापर्यंत, विश्रांती धरून, सहा तासांच्या वर नाही. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत नाही. जादा काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. तुमचा मुलगा पंधराचा आहे, म्हणजे या चौकटीत राहून जाऊ शकतो. सकाळी नऊ ते दुपारी दोन ठरवा, मध्ये तासभर जेवण.

पण याला कुणी 'अप्रेंटिसशिप' म्हणालं तर फसू नका. शिकाऊ उमेदवारी ही १९६१ च्या कायद्यानं होते. तिचा लेखी करार असतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, उमेदवार अठराच्या आतला असेल तर पालकाची सही लागते, आणि ठरलेलं विद्यावेतन द्यावं लागतं. तिथंही किमान वय चौदाच आहे, धोकादायक उद्योगातल्या ट्रेडला अठरा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. गावातल्या दुकानात मालक आणि दोन कारागीर असतील, तर तो रस्ता तिथं उघडतच नाही. म्हणजे तुमचा मुलगा जाणार तो सुट्टीत काम बघायला आणि शिकायला. या अनुभवाचा कागद मिळणार नाही. कागद पुढं आयटीआयनंतर मिळवायचा आहे.

आता शिकण्याचं. वाइंडिंगच्या दुकानात शिकण्यासारखं किती आहे हे बाहेरच्याला कळत नाही. जळकी मोटार उघडल्यावर चांगला वाइंडर लगेच तार कापत नाही. आधी वही काढतो. स्टेटरला, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या बाहेरच्या भागाला, खाचा किती, एका कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) वेढे किती, तार किती गेजची, कॉइल कितव्या खाचेतून निघून कितवीत जाते, तीन फेजच्या तारांची जोडणी स्टार पद्धतीची की डेल्टा, सगळं लिहून घेतो आणि मगच जुनी तार काढतो. ही नोंद चुकली तर पुढची सगळी मेहनत आणि तांबं वाया.

मुलाला पहिलं काम हे नोंद घेण्याचं द्यायला सांगा. यात त्याचं गणित आहे. समजा स्टेटरला २४ खाचा आहेत आणि मोटार दोन पोलची, म्हणजे दोन चुंबकीय ध्रुवांची, आहे. मग एका पोलच्या वाट्याला १२ खाचा आणि तीन फेजमध्ये वाटल्या तर प्रत्येकीला ४. दोन पोल आणि ५० हर्ट्झ म्हणजे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. मग मोटारीच्या पाटीवर २८८० च्या आसपास आकडा का असतो, हे त्याला दुकानदाराला विचारू द्या. उत्तर आलं तर दुकान चांगलं. नाही आलं तरी पोराच्या डोक्यात प्रश्न राहील, आणि दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा येईल तेव्हा तो पाठ करावा लागणार नाही. माझ्याकडं ट्रेडला येणाऱ्या मुलांत सुट्टीत कुठंतरी हात काळे केलेली मुलं मला पहिल्याच आठवड्यात ओळखू यायची. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम ती बोटं मोडत पाठ करायची नाहीत, मोटार डोळ्यांसमोर आणून सांगायची.

दुसरं काम खाचांत कागद बसवणं आणि कॉइल भरणं. पाणबुडी मोटारीला प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली तार असते, कारण आत पाणीच असतं. तिथं वार्निशचं काम नाही. विहिरीच्या काठावर बसणाऱ्या मोनोब्लॉकला (मोटार आणि पंप एकत्र असलेल्या) एनॅमलची तार, आणि तिला वार्निश देऊन भट्टीत सुकवतात. या वार्निश-थिनरच्या कामाजवळ आणि भट्टीजवळ मुलाला अजिबात जाऊ द्यायचं नाही. ही अट पहिल्या दिवशी सांगा. दुसरी अट, चालू विजेवर चाचणी मालकानं करायची, मुलानं लांबून बघायची. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. मोटार काढायला किंवा सोडायला विहिरीवर, बोअरवर मुलाला न्यायचं नाही. पाइपासकट मोटार चेन-पुलीवर वर येते तेव्हा खाली उभं राहणाऱ्याचा जीव साखळीच्या एका कडीवर असतो. गावाकडं "चल रे जरा हात लावायला" म्हणून नेतात. तिथं नाही म्हणजे नाही.

शिकवतात का हे ओळखायचं तर अर्धा तास दुकानात जाऊन बसा. मालक कारागिराला नुसता ओरडतो की चूक दाखवून परत करायला लावतो, ते बघा. आणि विचारा, तुमच्याकडं शिकलेलं कुणी आज स्वतःचं दुकान चालवतंय का. ज्यानं घडवलेत तो नावानिशी सांगतो.

पैशाबद्दल माझं मत, घ्यावेत. फुकट राबणाऱ्या पोराचा वेळ कुणाला मोलाचा वाटत नाही. पण रक्कम आधी ठरवा, ती छोटी असू दे, आणि मुलाच्या बँक खात्यात जाऊ दे. त्यातून त्यानं स्वतःचा मल्टिमीटर घ्यावा. वरच्या भाऊंनी पुतण्याचं लिहिलंय, ते मी फार घरांत पाहिलंय. त्यावर एकच उपाय मला माहीत आहे. शेवटची तारीख सुरू करण्याआधी ठरवायची, मालकासमोर आणि मुलासमोर. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी काम बंद. दहावीच्या वर्षात रविवारीसुद्धा नाही.

वायरवाली

सर, किती नीट लिहिलंत. मी मुलगी असून वीजतंत्री ट्रेड केला, सांगलीकडची आहे, म्हणून पुढचा टप्पा मी सांगते.

ताई, दहावीचे मार्क आयटीआयवाल्याला लागत नाहीत असा गैरसमज मुलांत आहे. आयटीआयच्या प्रवेशाची यादी दहावीच्या मार्कांवर लागते आणि वीजतंत्रीला गर्दी असते. पुढं रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारीची यादी दहावी आणि आयटीआय दोन्हींच्या मार्कांची सरासरी काढून लावतात. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना तिथल्या लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. माझ्या बॅचचे दोघं हुशार हाताचे होते, दहावीच्या ४८ टक्क्यांमुळं अर्जसुद्धा करता आला नाही, कारण तिथं किमान ५० मागतात. मुलाला हे आत्ताच सांगा. मोटारीच्या आवडीसाठीच दहावी नीट करायची आहे.

आयटीआयनंतर मी चाकणच्या एका कंपनीत वर्षभर शिकाऊ उमेदवार होते. नाव लिहीत नाही. करारात ट्रेड वीजतंत्री. पण उभं केलं पॅकिंगच्या लाइनवर. खोक्यांना टेप लावायची. सुपरवायझर म्हणायचा, विद्यावेतन मिळतंय ना, मग कशाला बोलतेस. मी रोज काय काम केलं ते तारीख घालून वहीत लिहायला लागले. मग ती वही घेऊन मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात गेले. शिकाऊ उमेदवारांचं सगळं तिथून बघतात. तिथल्या साहेबांनी कंपनीला पत्र धाडलं. पुढच्या महिन्यात मला मेंटेनन्सला घेतलं. पॅनल, रिले, कॉन्टॅक्टर अशी वीज नियंत्रणाची साधनं, काय हवं ते तिथं शिकायला मिळालं. मेंटेनन्सचे एक काका होते, ते फॉल्ट सापडला तरी लगेच सांगायचे नाहीत. आधी मला सर्किट वाचायला लावायचे. आज मी जे काम करते ते त्या काकांमुळं.

म्हणून करार झाला की त्याची प्रत घरी ठेवायची, ट्रेड काय लिहिलाय तो वाचायचा. २०१९ च्या नियमांत विद्यावेतनाचे किमान आकडे दिले होते. पाचवी ते नववी झालेल्याला महिना ५,०००, दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, पदविकेला (डिप्लोमाला) ८,०००, पदवीला ९,०००. ही तेव्हाची किमान रक्कम, कंपनी जास्त देऊ शकते. कायद्यानं शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, म्हणून पीएफ नसतो. पण कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाला द्यावी लागते. आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. मुलं तिथंच कायम होऊ म्हणून घरी सांगतात आणि मग निराश होतात.

शेवटची परीक्षा द्यायलाच हवी. ती पास झालं की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. वर्ष पूर्ण करून परीक्षा न देता घरी बसलेली मुलं मला माहीत आहेत, त्यांच्याकडं दाखवायला काहीच नाही.

शिरूरचा मास्तर

शाळेत विषय नाही असं लिहिलंत म्हणून. आमच्या शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. अमेरिकेत पीएचडी करून आलेला, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस पाबळसारख्या कोरडवाहू गावात येऊन राहिला, कारण त्यांचं म्हणणं होतं की हातानं काम करता करताच मूल शिकतं आणि ते शाळेतच व्हायला हवं. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय निघाला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती-पशुपालन, आहार-आरोग्य यांत घालवतात. खोटी प्रात्यक्षिकं नाहीत. गावातल्या कुणाला हवी असलेली वस्तू करायची, तिचा खर्च काढायचा आणि ती द्यायची. मी शिकवतो त्या शाळेत मुलांनी केलेलं फाटक आजही उभं आहे. ते करताना वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीनं लोखंडाचा हिशोब सगळ्यांच्या आधी काढला होता.

पाबळला वर्षभराचा निवासी अभ्यासक्रमही आहे, पण तुमच्या मुलाला आत्ता त्याची गरज दिसत नाही. एक मात्र करा. शाळेच्या मुख्याध्यापकांना पालक म्हणून अर्ज द्या की व्यवसाय विषय सुरू करा. नवीन शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावच्या सुतार-माळी-कुंभाराकडं शिकावं असं लिहिलेलं आहे. पालक मागत नाहीत तोवर शाळा हलत नाहीत.

नदीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. निदेशक सरांचं उत्तर मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. विहिरीवर न्यायचं नाही हे ऐकून सासरेच म्हणाले, बरोबर आहे, आपल्या गावात असा एक गडी गेलाय. हे अजून "बघू" म्हणतात, पण शेवटची तारीख आधी ठरवायची हे त्यांना पटलं. नणंदेला तासांचा नियम वाचून दाखवला, तिचं म्हणणं असं की मग हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

काल दुकानात जाऊन बसले. तिथला कारागीर खाचेत कागद बसवत होता, मालकांनी दोनदा काढायला लावला. ओरडले नाहीत. कुणाला शिकवलंय विचारलं तर नृसिंहवाडीच्या आणि कुरुंदवाडच्या दोघांची नावं सांगितली, एकाला फोनच लावून दिला.

सर, एकच राहिलं. दहावीनंतर काय? गणितात तो बरा आहे, ७० च्या आसपास असतो. शिक्षक म्हणतात सायन्सला घाला.

निवृत्त शिल्प निदेशक

ताई, ते आत्ता ठरवू नका. सुट्टीनंतर त्याला विचारा की दुकानात सगळ्यात जास्त काय आवडलं. मोटार हातानं भरणं आवडलं, तर वीजतंत्रीचा दोन वर्षांचा आयटीआय. मोटार अशी का चालते हे आवडलं, तर दहावीनंतर थेट तीन वर्षांची विद्युत पदविका. त्यासाठी अकरावी-बारावी लागत नाही, हे पुष्कळ पालकांना माहीत नसतं. आयटीआय करूनही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, दार बंद होत नाही. फक्त तिथं गणित एकदम अंगावर येतं आणि आयटीआयची दोन वर्षं ज्यांनी गणिताला हात लावलेला नसतो ती मुलं अडकतात. गणितात ७० असलेल्या मुलाला मी पदविकेकडं झुकवीन, पण हात चांगला असलेला मुलगा नुसत्या अकरावी सायन्सला घालून क्लासमध्ये बसवू नका. त्याला प्रयोगशाळेत महिन्यातून एकदा उभं करतील, तेही दहा जणांच्या मागं.

सह्यांचा कागद करा. नणंदबाई शहाण्या आहेत. वेळ, सुट्टी, शेवटची तारीख, रक्कम आणि त्या तीन अटी, अर्ध्या पानात बसतं.

नदीकाठची

करते सर. सोमवारपासून पाठवतेय. पायात काय घालू? मालक म्हणाले चप्पल चालते.

निवृत्त शिल्प निदेशक

चप्पल नको. रबरी तळव्याचे, पुढून कडक असलेले बंद बूट घ्या, साधे कॅनव्हासचे नकोत. पायावर स्टेटर पडला तर बोटं जातात. हातातलं कडं, बोटातली अंगठी, मनगटाचा दोरा घरी काढून ठेवायचा. सुती पूर्ण पँट, अंगाला बसणारा शर्ट. आणि दोनशे पानी वही, पहिल्या पानापासून मोटारींच्या नोंदी लिहायला.